बोर्डाची कड

बोर्डावर नाव कुणाचं लिहायचं, हे बबितानं अजून सांगितलं नव्हतं.

भागवतनं सकाळपासून दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा ती ओट्याकडं तोंड करूनच 'बघते' म्हणाली आणि दुसऱ्यांदा तिनं मिक्सर सुरू केला. तो पुढच्या खोलीत सतरंजीवर बसला होता. समोर चौरंगावर अठरा इंची गोल बोर्ड. केक ज्याच्यावर बसतो ती फळी. बाजारात ती पुठ्ठ्याची, चंदेरी कागद लावलेली मिळते, पण भागवतचे बोर्ड जाड लाकडाचे असत. परवा त्यानं त्यावर फॉन्डंट चढवलं होतं. साखरेची ती पांढरी कणीक पोळीसारखी लाटायची, लाटण्यावर घेऊन फळीवर अलगद सोडायची, मधून बाहेर तळव्यानं सारखी करत न्यायची, कुठं बुडबुडा दिसला तर टाचणीनं फोडायचा आणि शेवटी सुरी तिरपी धरून कडेचा जास्तीचा काप एका दमात उतरवायचा. दोन दिवस वाळून तो थर आता टणक झाला होता. कडेनं मोतिया रंगाची रिबनही लागली होती. राहिली होती ती कापसाची बोंडं आणि नाव.

बोंडं ऑर्डरमध्येच सांगितली होती. सात झाली होती, दोन राहिली होती. भागवतच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढीच बोटं होती, बाकीची तीन मुळापासून गेलेली. त्या दोन बोटांच्या चिमटीत तो पांढरी गोळी धरायचा आणि डाव्या हातातल्या सळईनं तिला फाका पाडायचा. फाका पडल्या की गोळी फुगल्यासारखी दिसायची, उमललेल्या बोंडासारखी.

"कापसाचा व्यापारी हाय का कोणी?" त्यानं आत विचारलं.

मिक्सर थांबला. बबिता हात पुसत दारात आली. ऑर्डर त्यांच्या मुलीनं, वैष्णवीनं, फोनवर घेतली होती. पेडगावच्या कुणी प्रियांकाला सासऱ्यांच्या निवृत्तीसाठी दोन मजली केक हवा होता. लिहायचा मजकूर तिनं काल संध्याकाळी पाठवला, आणि तो वाचल्यापासून बबिताला धड झोप नव्हती. वैष्णवीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ते नाव या घरात कुणी घेतच नसे, तर तिला कुठून माहीत असणार.

"महारुद्र आप्पा," बबिता म्हणाली. "पेडगावचे."

भागवतच्या चिमटीतलं बोंड तसंच राहिलं. मग त्यानं ते इतर सातांच्या रांगेत ठेवलं, उठला आणि मागच्या दारी गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ तो हातच धूत होता.

अकरा वर्षांपूर्वी भागवत एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता आणि महारुद्र आप्पा तिथले सुपरवायझर. जानेवारीचे दिवस होते. कापसाच्या गाड्या फाटकापासून रस्त्यापर्यंत लागलेल्या. एका यंत्रात कापूस अडकला. बंद करून काढायचा तर सगळी ओळच थांबवावी लागली असती. आप्पा म्हणाले, चालूवरच काढ, तुझा हात बसलेला आहे. भागवतनं हात घातला.

त्याला दवाखान्यात नेलं त्याच दुपारी आप्पांनी लोकांना सांगायला सुरुवात केली की फिटर पिऊन कामावर आला होता. पुढं चौकशी झाली तेव्हा तसं लिहूनही दिलं. भरपाईचा विषय तिथंच संपला, पण भागवतला लागलं ते वेगळंच. त्याचा बाप दारूनं गेला होता. म्हणून त्यानं जन्मात थेंबाला हात लावला नव्हता. लग्नकार्यात मित्र बसले की हा उठून बाहेर जाऊन उभा राहायचा, त्यावरून त्याची थट्टा व्हायची. असा माणूस एका दुपारीत दारुडा झाला. ती गोष्ट जिनिंगमधून मोंढ्याच्या बाजारात गेली आणि मोंढ्यातून गल्लीत आली. त्याची आई कुसुमबाई धावतपळत दवाखान्यात पोचली, तेव्हा ती गोष्ट तिच्याही आधी तिथं पोचली होती. म्हातारीनं पट्ट्या बांधलेल्या हाताकडं बघितलंच नाही. आधी वाकून लेकाच्या तोंडाजवळ नाक नेलं. पलंगाशेजारी उभ्या असलेल्या बबितानं ते पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे भागवतनं पाहिलं. कुसुमबाई त्यानंतर चार वर्षं जगली. तिनं कधी विषय काढला नाही आणि यानंही नाही.

दोन वर्षं तो घरात बसून होता. बबितानं बचत गटाच्या शिबिरात केक शिकून घेतले आणि घरून ऑर्डरी सुरू केल्या. एकदा कुणाच्या तरी बाराव्या वाढदिवसाचा मोठा केक दारातून बाहेर काढताना खालचा पुठ्ठा मधोमध वाकला आणि वरची क्रीम तडकलेल्या भिंतीसारखी फाटली. बबिता रडकुंडीला आली. भागवतनं तो पुठ्ठा हातात घेऊन दोन्हीकडून दाबून बघितला. एवढंच म्हणाला, की बैठक कच्ची असल्यावर वरचं कसं टिकंल. दुसऱ्या दिवशी सुताराकडून फळी गोल कापून आणली, कडा घासल्या, खाली चार बारीक लाकडी गुट्टे ठोकले म्हणजे उचलताना बोटं आत जातील. मग तो फॉन्डंट लाटायला शिकला, मग रिबन, मग ब्रशनं अक्षरं. फिटरची नजर होती, सुतासुताचा फरक त्याला दिसायचा. आता परभणीतल्या आणखी चार-पाच केकवाल्या बायका त्याच्याकडून बोर्ड करून घेत होत्या.

तो मागच्या दारानं परत आला तेव्हा बबितानं सांगून टाकलं की ती ऑर्डर परत करते, वैष्णवीला फोन लावायला सांगते, काहीतरी कारण देईल. भागवतनं किती वाजता द्यायचा आहे ते विचारलं. पाचला, ती म्हणाली.

"मग आता कसं परत करतीस? माणसं बोलावली असतील त्यांनी." तो खाली बसला. "नाव मी लिहितो. आन् पोचवायला बी मीच येतो."

तुमी कशाला, दत्ताच्या ऑटोत मी घेऊन जाते की, असं ती म्हणाली. नेहमी तीच जायची. मजकूर लिहिलेला कागद त्यानं मागून घेतला आणि दार लोटून घेतलं. धूळ येते म्हणून नाव लिहिताना तो दार लोटतच असे, तरी आज त्या आवाजावर बबितानं वळून दाराकडं बघितलं.

ती आतल्या खोलीत केकच्या खालच्या मजल्यावर क्रीम ओढत राहिली. वैष्णवीनं हळू आवाजात विचारलं तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. पोरगी एकोणीस वर्षांची. ऐकून ती म्हणाली, की तिसरीत असताना वर्गातल्या मुली तिला काहीतरी म्हणायच्या, ते तिला आत्ता कळलं. काय म्हणायच्या ते तिनं सांगितलं नाही. त्या प्रियांकाला आत्ताच्या आत्ता लिहून पाठवते, असं म्हणून तिनं फोन उचलला. बबितानं तो काढून घेतला. पप्पा काय करतात ते बघू, म्हणाली.

पण तो काय करणार, हे तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांत त्यानं कधी आप्पांना शिवी दिली नव्हती की शाप दिला नव्हता. बोर्ड पांढराशुभ्र होता, हातात लाल रंग आणि ब्रश होता आणि संध्याकाळी शंभर माणसं तो बोर्ड वाचणार होती. तिच्या मनात नको नको त्या ओळी येऊ लागल्या. दोनदा ती दारापर्यंत जाऊन आली. आत फक्त ब्रश वाटीच्या काठावर निथळल्याचा आवाज.

एक वाजता दार उघडलं. बबितानं बोर्ड वाचला. 'श्री. महारुद्र आप्पा' आणि खाली बारीक अक्षरांत 'चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल'. भोवतीनं नऊ बोंडं, प्रत्येकाखाली तपकिरी देठ. तिनं पुन्हा एकदा अक्षर अक्षर करून वाचलं. कुठं चूक नव्हती, कुठं डाग नव्हता.

"शिरोरेघ सरळ आली का बघ," भागवत म्हणाला.

आली होती. तिनं एवढं चांगलं अक्षर त्याच्या हातचं याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानं तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

एप्रिलचा शेवट होता. साडेतीनला दत्ताचा ऑटो दाराशी आला तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बबितानं थंड पाण्यात पिळलेल्या दोन चादरी ऑटोच्या दोन्ही बाजूंना बांधल्या. बोर्डावर केकचा खालचा मजला बसवलेला, वरचा वेगळ्या खोक्यात. भागवत बोर्ड मांडीवर घेऊन बसला, डाव्या हातानं खालून आधार, उजव्या हाताची दोन बोटं कडेला. वरचं खोकं बबिताच्या मांडीवर. दत्ता नेहमीचा होता. खड्डा आला की तो आधी सांगायचा आणि मग ऑटो अगदी पायी चालवल्यासारखा पुढं काढायचा.

वाटेत बबितानं एकदाच विषय काढला. तिथं गेल्यावर केक ठेवायचा आणि लगेच निघायचं, असं ती म्हणाली. भागवत बोर्डाकडंच बघत होता. हं, म्हणाला.

पेडगाव दोन-तीन किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा शेताच्या वाटेवरनं एक मोटारसायकल थेट रस्त्यावर आली. दत्तानं ब्रेक दाबला. बबिताचं खोकं वाचलं, पण भागवतच्या मांडीवरचा बोर्ड पुढं सरकला आणि पुढच्या सीटच्या लोखंडी नळीवर आदळला. टक् असा आवाज झाला. केक हलला नाही. कडेचा दोन बोटं रुंदीचा फॉन्डंटचा टवका मात्र उडाला आणि रिबन त्या जागी फाटून लोंबायला लागली. दत्ता सारखा माफी मागत होता. भागवतनं त्याला नीट चालव एवढंच सांगितलं आणि निघालेला टवका उचलून रुमालात ठेवला.

महारुद्र आप्पांच्या घरासमोर मांडव घातला होता. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, कूलर लावलेले, जिनिंगमधली माणसं यायला लागली होती. प्रियांका पुढं आली. पंचविशीची, गोड बोलणारी. या ताई, या दादा, म्हणत तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं, टेबल दाखवलं, पंखा लावला. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. तिनं नाव वाचलं, बोंडं बघितली आणि म्हणाली, मामंजींना लय आवडंल.

ती बाहेर गेल्यावर बबिता हलक्या आवाजात म्हणाली, की फुटलेली बाजू भिंतीकडं करून ठेवू, कुणाला दिसणार नाही, आणि निघू. भागवतनं पिशवी उघडली. त्यात फॉन्डंटचा गोळा, ब्रश, सुरी आणि रिबनची गुंडाळी होती.

"मागची असली म्हणून काय झालं, कड ती कडच," तो म्हणाला. "जरा कॉर्नफ्लोर मागून आण. हाताला चिकटायलंय."

बबिता नाइलाजानं स्वयंपाकघराकडं गेली. तिथं बायकांची गर्दी, पुऱ्या चाललेल्या, डबा सापडायला वेळ लागला. वाटी घेऊन ती परत आली तेव्हा खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत बोलण्याचा आवाज ऐकून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

महारुद्र आप्पा आत उभे होते. नवा पांढरा सदरा, कपाळाला गंध. ती त्यांना अकरा वर्षांनी बघत होती. अंगानं निम्मे झाले होते. नजर भागवतच्या उजव्या हातावर खिळलेली.

"भागवत ना तू?" त्यांनी विचारलं.

"हां, आप्पा."

"हे तू केलं?"

"आमच्या बायकोचा केक हाय. बोर्ड मी केलाय."

आप्पा दाराकडं वळले, पुन्हा थांबले. बाहेर माणसं बोलत होती, कुणीतरी माईक फुंकून बघत होतं. त्यांचा आवाज खाली आला. आज कार्यक्रम आहे, पाव्हणेरावळे आहेत, झालं गेलं ते... असं काहीतरी ते म्हणू लागले. भागवतचं लक्ष कडेवर होतं. टवका उडालेली जागा त्यानं भरून काढली होती, सांधा तळव्यानं घासून सारखा केला होता. आता तो नवी रिबन बोर्डाभोवती गुंडाळत होता. पूर्ण वळसा आला. पहिलं टोक डाव्या हातानं दाबून धरलं तर दुसरं ओढून कापायला चिमटीतली सुरी पुरत नव्हती. एरवी हे टोक बबिता धरायची. ती वाटी घेऊन उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आप्पा, इथं जरा बोट ठिवा," भागवत म्हणाला.

आप्पांना आधी कळलं नाही. मग ते टेबलाशी आले आणि त्यांनी रिबनच्या टोकावर बोट ठेवलं.

"घट्ट दाबा. सरकलं तर पुन्हा फाडावं लागतंय."

त्यांनी दाबलं. भागवतनं रिबन ओढून ताणली आणि सुरी तिच्यावर टेकवली. पण कापली नाही.

"त्या दिवशी मी पिलेलो होतो का, आप्पा?"

आप्पांचं बोट रिबनवर होतं आणि ते काढलं असतं तर सगळा वळसा सुटला असता. त्यांनी दाराकडं बघितलं. बबिता भिंतीला लागून उभी होती, ती त्यांना दिसली नाही. मालक मागं लागले होते, ते म्हणाले. मला बी लेकरं होती. माझीच नोकरी गेली असती. भागवत ऐकत होता, सुरी तशीच धरून. त्याचा हात हलत नव्हता.

"मी ते न्हाई विचारलं," भागवत म्हणाला.

बाहेरून कुणीतरी आप्पा, आप्पा म्हणून हाक मारली.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "तू पिलेला नव्हतास."

भागवतनं सुरी ओढली. रिबनचं टोक सरळ कापलं गेलं. त्यानं ते पहिल्यावर चिकटवलं, अंगठ्यानं दोनदा दाबलं.

"सोडा आता," तो म्हणाला.

आप्पा बोट काढून बबिताच्या समोरून, तिच्याकडं न बघता, मांडवात निघून गेले. ती आत गेली. वाटी टेबलावर ठेवली. भागवत म्हणाला, की आता लागत नाही, झालं. दोघांनी मिळून वरचा मजला चढवला.

त्यानंतर निघायला हवं होतं. पण दत्ताला दुसरं भाडं होतं, तो थांबला नव्हता, आणि प्रियांका त्यांना सोडेना. केक टेबलासकट मांडवात न्यायचा होता, ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला भागवत तयार नव्हता. चौघांनी टेबल उचललं, तो कडेला हात लावून सोबत चालत गेला. मांडवात बसलेल्यांत जिनिंगमधली जुनी माणसं होती. काहींनी त्याला ओळखलं, काहींनी ओळखून मान दुसरीकडं वळवली. बबिताला वाटत होतं की आता काहीतरी होणार. तिनं पदर दोन्ही हातांत पिळला होता.

भाषणं झाली. मालकांकडून आलेल्या माणसानं शाल घातली. मग केक कापायला सगळे टेबलाभोवती जमले आणि त्या गर्दीत गोपाळ भागवतच्या शेजारी आला. जिनिंगच्या काट्यावर बसून गाड्यांचं वजन घेणारा, मोठ्यानं बोलायची सवय असलेला, मनानं वाईट नसलेला माणूस. त्यानं भागवतच्या पाठीवर थाप मारली.

"काय भागवत, सुटली का न्हाई मग?" त्यानं विचारलं, आणि अंगठा तोंडाकडं नेला.

दोघं-तिघं हसले. भागवतनं गोपाळकडं बघितलं नाही. टेबलापलीकडं आप्पा हातात सुरी धरून उभे होते, गळ्यात हार. त्यानं त्यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

आप्पांची सुरी केकच्या वर थांबली.

"गोपाळ, त्यानं कधी घेतली न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी बी न्हाई. मी खोटं लिहून दिलतं."

फोटोवाल्यानं आप्पा, जरा इकडं, सुरी वर, असं ओरडून सांगितलं. मागून लेकरं पुढं घुसली. जे जवळ होते त्यांतल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एक म्हातारा हमाल कानाला हात लावून काय म्हणाले, काय म्हणाले, असं विचारत राहिला आणि त्याला कुणी सांगितलं नाही. प्रियांकानं सासऱ्यांच्या मनगटाला हात लावून सुरी खाली नेली. टाळ्या वाजल्या.

"असं होय," गोपाळ म्हणाला. मग त्यानं शेजारून फिरणाऱ्या ताटातली कागदी डिश घेतली आणि भागवतच्या हातात दिली.

केक वाटला गेला. लोक खात होते, पुऱ्यांच्या पंगतीकडं वळत होते, कुणी जावयाच्या नोकरीचं बोलत होतं, कुणी यंदाच्या कापसाच्या भावाचं. बोर्ड टेबलावर उघडा पडत चालला. फाट्यावर साडेसहाची गाडी मिळेल म्हणून दोघं निघाले. बोर्ड उद्या पाठवते, असं प्रियांकानं कबूल केलं. आप्पा पाव्हण्यांत बसले होते, ते उठले नाहीत.

दोघं गावाबाहेर आले. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं आणि चपलेतून लागत होतं. दाराबाहेर उभी राहून आपण ऐकलं, हे सांगावं की नाही याचा विचार बबिता करत होती. शेवटी भागवतच बोलला.

"मला वाटायचं, ते एकदा ऐकलं की कायतरी होईल."

"मग?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "तहान लागली."

फाट्यावरच्या टपरीत तो सलग तीन ग्लास पाणी प्याला. बबिता त्याच्या गळ्याकडं बघत होती. तिच्या मनात आलं की आपण आज सकाळपासून याला घाबरलो, आणि याला ते कळलं असेल. तिनं दाराबाहेरची गोष्ट सांगितली नाही.

गाडी भरून आली. एकत्र जागा मिळाली नाही. भागवतला पुढं खिडकीशी एका म्हाताऱ्याशेजारी जागा झाली, तिला दोन बाकं मागं. म्हातारा बोलका होता. कुठलं गाव, कुणाकडं आला होतात, असं त्याचं सुरू झालं. गाडीच्या खडखडाटात बबिताला तुटक तुटक ऐकू येत होतं. मग म्हाताऱ्यानं काम काय करता ते विचारलं.

"केकचे बोर्ड करतो," भागवत म्हणाला.

म्हाताऱ्याला ते समजलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. भागवत त्याच्याकडं वळला आणि समजावून सांगायला लागला, फळी कशी निवडायची, कणीक कुठून कुठं सरकवत न्यायची, सुरी किती तिरपी धरायची. म्हातारा मान हलवत होता. परभणी यायला अजून अर्धा तास होता आणि भागवतचा दोन बोटांचा हात खिडकीच्या उजेडात, हवेतच, एका न दिसणाऱ्या फळीच्या कडेवरून सावकाश फिरत होता.